पगाराबाहेरची नोकरी

मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांसाठी राखीव डबा असतो आणि त्यात धडधाकट माणसंही शिरतात, हे कुठल्याही मुंबईकराला सांगायला नको. गंमत अशी की, त्या गर्दीत सगळ्यात आधी हटकलं जातं ते ज्याचं दिव्यांगत्व डोळ्यांना दिसत नाही त्याला. हिमोफिलियाचा रुग्ण असेल, श्रवणयंत्र केसांआड गेलेली मुलगी असेल, "तुम्हाला काय झालंय? कार्ड दाखवा," असा आवाज येतोच. कार्ड दाखवायचं, चार माणसांच्या नजरा झेलायच्या आणि मग ऑफिस गाठायचं. तिथे हजेरी लागते साडेनऊची, पण त्याआधी एक साक्ष देऊन झालेली असते.

दिव्यांग कर्मचाऱ्याच्या मनःस्वास्थ्याबद्दल बोलताना बहुतेक जण त्याच्या शरीरापासून सुरुवात करतात. पाय नाहीत म्हणून तो खचला असेल, दिसत नाही म्हणून ती उदास असेल, असा हिशेब. तो तपासून पाहिला तर फसतो. गॅरी आल्ब्रेक्ट आणि पॅट्रिक डेव्हलीगर या दोन अभ्यासकांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात गंभीर आणि कायमचं दिव्यांगत्व असलेल्या लोकांना त्यांच्या जगण्याबद्दल विचारलं होतं. ५४ टक्के लोकांनी आपलं आयुष्य चांगलं किंवा उत्तम असल्याचं सांगितलं. अभ्यासकांनी याला विरोधाभास म्हटलं. मला विचाराल तर तो विरोधाभास बघणाऱ्याच्या डोक्यातला आहे. चाकाच्या खुर्चीवर दहा वर्षं काढलेला माणूस दिवसभर खुर्चीचा विचार करत बसत नाही. घराचा हप्ता, मुलीची दहावी, साहेबांचा मूड हे विषय त्यालाही असतात.

पण दुसऱ्या बाजूचा एक आकडाही समोर ठेवायला हवा. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१८ मधल्या पाहणीच्या आधारे सांगितलं की, दिव्यांग प्रौढांपैकी जवळपास ३३ टक्के लोकांना वारंवार मानसिक त्रास जाणवत होता. दिव्यांगत्व नसलेल्यांमध्ये हेच प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे आयुष्य चांगलं आहे म्हणणारे निम्म्याहून जास्त, आणि तरी त्रास इतरांच्या साडेचार पटींनी अधिक. दोन्ही खरं असेल, तर त्रासाचा बराचसा उगम शरीराबाहेर शोधावा लागतो. त्यातला नोकरीच्या जागेतला भाग या प्रकरणात पाहू. तिथे दिव्यांग माणूस दोन नोकऱ्या करत असतो. एकीचा पगार मिळतो. दुसरी असते स्वतःला समजावून सांगण्याची, सिद्ध करण्याची, मागण्याची आणि समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ न देण्याची. तिची नोंद कुठल्याही मस्टरवर नसते.

या दुसऱ्या नोकरीची सुरुवात बहुधा एका साध्या गैरसमजातून होते. बीट्रिस राइट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या त्यांच्या पुस्तकात तो नेमका पकडला होता. माणसाचा एक अवयव अधू आहे एवढं कळलं की बघणारा ती उणीव सगळ्या माणसावर पसरवतो. डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून त्याच्याशी मोठ्याने बोलायचं. चालता येत नाही, म्हणून हिशेबही जमत नसेल असं धरायचं. कँटीनमध्ये अंध सहकारी समोर बसलेला असताना त्याच्या शेजारच्याला विचारायचं, "यांना साखर चालते ना?" हा प्रश्न आपल्याकडचाच आहे असं नाही. बीबीसी रेडिओवर दिव्यांगांच्या प्रश्नांवरचा एक कार्यक्रम वीसेक वर्षं चालला, त्याचं नावच 'ते साखर घेतात का?' अशा अर्थाचं होतं.

असल्या प्रसंगाला उत्तर देणं अवघड नसतं. "मला विचारा, मी सांगतो," एवढं म्हणता येतं. पण ते हसून म्हणावं लागतं. न हसता म्हटलं तर "स्वभावाने जरा तिखट आहेत, असणारच म्हणा बिचारे," असा शेरा ठरलेला. रागाचं कारणही दिव्यांगत्वाच्या खात्यावर जमा होतं. दिवसातून आठ-दहा वेळा हसून सांगायचं, रोज सांगायचं, नवा माणूस बदलून आला की पुन्हा पहिल्यापासून सांगायचं, या श्रमाने माणूस दमतो. विमानातल्या परिचारिकांच्या ठरावीक हसण्याला आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ मध्ये भावनिक श्रम म्हटलं होतं. त्या परिचारिकांना निदान हसण्याचे पैसे मिळत होते.

आपल्याकडे या श्रमात आणखी एक भर आहे, टक्क्यांची. "किती टक्के?" हा प्रश्न दिव्यांग माणसाला ऑफिसात, बँकेत, लग्नाच्या मांडवात कुठेही विचारला जातो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने आधीच्या सात प्रकारांच्या जागी २१ प्रकार मान्य केले. ॲसिडहल्ला, थॅलेसेमिया, सिकलसेल, स्वमग्नता हे सगळे त्यात आले. सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण तीनवरून चार टक्क्यांवर गेलं. पण आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं आणि तो आकडा मग कपाळावर चिकटून बसतो. ३८ टक्केवाल्याला काही मिळत नाही आणि ४२ टक्केवाल्याकडे "एवढ्याशावर नोकरी लागली" अशा नजरेने पाहिलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ च्या एका निकालात हा तिढा थोडा सोडवला. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराला लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक हवा होता. गरज खरी असेल तर लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट आड येऊ शकत नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं.

निकालाने कायदा बदलतो, नजर बदलत नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दिव्यांग प्रमाणपत्राचं प्रकरण देशभर गाजलं. त्यानंतर प्रमाणपत्रांच्या फेरतपासणीची मागणी सुरू झाली. खोटी प्रमाणपत्रं पकडायलाच हवीत, कारण ती खऱ्या दिव्यांगाचीच जागा खातात. पण ज्याने वीस वर्षं प्रामाणिकपणे नोकरी केली, त्याला पुन्हा सिव्हिल हॉस्पिटलच्या रांगेत उभं राहताना काय वाटत असेल? त्याच्या टेबलाभोवती चहा पिताना जी कुजबुज चालते, ती कुठल्याच फेरतपासणीने थांबत नाही.

या कुजबुजीपायी अनेक जण आपला आजार सांगतच नाहीत. एर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये कलंकावर एक छोटं पुस्तक लिहिलं. ज्याचा डाग दिसत नाही त्याला ताण असतो माहिती सांभाळण्याचा, असं त्याचं निरीक्षण होतं. कुणाला सांगायचं, किती सांगायचं, कधी सांगायचं हे त्याला सतत ठरवत राहावं लागतं. अपस्माराचा रुग्ण गोळीची वेळ झाली की जिन्यात जातो. द्विध्रुवी विकार असलेली मुलगी मानसोपचारतज्ज्ञाच्या भेटीसाठी रजा काढते आणि अर्जात दाताचं दुखणं लिहिते. हे खोटं पचायला सोपं नसतं, कारण ते लक्षात ठेवावं लागतं. आणि सांगितलं तर? केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्यावर विचित्र वागण्याबद्दल शिस्तभंगाची कारवाई सुरू झाली होती. त्याला मंत्रचळ आणि नैराश्य हे आजार होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १७ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने निकाल दिला की, कारवाईमागच्या कारणांपैकी दिव्यांगत्व हे एक कारण असलं तरी कायद्याचं संरक्षण मिळतं, दिव्यांगत्व हेच एकमेव कारण असल्याचं दाखवावं लागत नाही. शस्त्र हाताळावं लागणार नाही अशा जागी त्याला नेमावं, पण पगार आणि सेवेच्या अटी कमी करू नयेत, असा निकालाचा रोख होता. तोवर चौकशी सुरू होऊन एक दशक उलटून गेलं होतं.

ऐकू न येणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. डबा खाण्याची वेळ घ्या. सहा जण बोलतायत, दोघे एकदम बोलतायत, एकाच्या तोंडात घास आहे. ओठ वाचणारी मुलगी एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्याकडे धावतेय. सगळे खळाळून हसतात. ती विचारते, "काय झालं?" उत्तर येतं, "काही नाही गं, नंतर सांगते." ते 'नंतर' कधी येत नाही. सांगणारीच्या मनात काही वाईट नसतं, विनोद पुन्हा सांगितला की मरतो एवढंच. पण वर्षभरात असे दोनशे विनोद निसटले की माणूस डबा घेऊन आपल्या टेबलावरच बसू लागतो आणि ऑफिस म्हणतं, "एकलकोंडी आहे."

श्रवणयंत्र लावलं म्हणजे प्रश्न मिटला, हाही गैरसमज. यंत्र आवाज वाढवतं, त्यात पंख्याचा आणि खुर्चीच्या घसरण्याचा आवाजही आला. अर्धवट ऐकू आलेल्या वाक्यातले गाळलेले शब्द मेंदूला संदर्भावरून भरावे लागतात. दोन तासांच्या बैठकीनंतर अशा माणसाचं डोकं जे शिणतं त्याला श्रवणतज्ज्ञ ऐकण्याचा थकवा म्हणतात. उपाय काय, तर एका वेळी एकानेच बोलायचं, बोलणाऱ्याने तोंडासमोरून हात बाजूला घ्यायचा, मुद्दे आधी लेखी द्यायचे. यांतल्या एकाही गोष्टीला खर्च येत नाही.

मुंबईत २००९ मध्ये ध्रुव लाकरा यांनी मिरॅकल कुरिअर्स नावाची सेवा सुरू केली, तिचे कर्मचारी कर्णबधिर होते. मुलगे पाकिटं पोचवत, मुली कार्यालयात वर्गवारी करत, निरोप मोबाइलवरच्या संदेशांतून जात. तिथे ऐकण्याचा थकवा नव्हता, कारण ऐकण्याचीच गरज नव्हती. अशा जागांचं मोल मोठं आहे. पण सगळ्यांनी वेगळंच काम करावं, हे उत्तर होऊ शकत नाही. बँकेत, महापालिकेत, आयटी कंपनीत माणूस एकटाच कर्णबधिर असणार, आणि खरी कसोटी त्या टेबलावर आहे.

आता एक विषय, जो ऑफिसच्या बैठकीत कुणीच काढत नाही. स्वच्छतागृह. चाकाची खुर्ची आत जाईल असं दार नसेल, किंवा तसं स्वच्छतागृह तळमजल्यावर आणि टेबल तिसऱ्यावर असेल, तर नोकरदार बाई काय करते? पाणी पीत नाही. सकाळी घरून निघताना चहा टाळते, दिवसभर घोटभर पाण्यावर काढते, मग मूत्रमार्गाचा संसर्ग, मग रजा, मग "यांच्या रजा फार होतात." यात समुपदेशकाने काय करावं? दार रुंद करणारा सुतार त्याच्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आणि ज्यांना काम दिलंच जात नाही त्यांचं काय? ऑस्ट्रियात मारिएनथाल नावाच्या गावातली कापडगिरणी बंद पडली तेव्हा मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या बेकारांचा अभ्यास केला, तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. हातात मोकळा वेळ मुबलक, पण लोक वाचनालयातून आधीपेक्षा कमी पुस्तकं नेत होते आणि पुरुषांची चालही मंदावली होती. काम पगाराखेरीज दिवसाला आकार देतं, माणसं भेटवतं, आपली कुणाला गरज आहे हे जाणवून देतं, हा याहोडांचा निष्कर्ष. तो नोकरीत असलेल्या माणसालाही लागू होतो. कोट्यातून भरती झालेल्या अंध लिपिकाला खुर्ची मिळते, पण संगणकावर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी पडदावाचक प्रणाली कुणी टाकून देत नाही. फाइल येते ती कागदाच्या छायाचित्राच्या रूपात, जी ती प्रणाली वाचू शकत नाही. साहेब प्रेमाने म्हणतात, "तुम्ही बसा आरामात." एके काळी अंधांसाठी टेलिफोन ऑपरेटरची जागा हमखास असायची. मोबाइल आला, अंतर्गत दूरध्वनी आपोआप जोडले जाऊ लागले आणि त्या जागेचं काम आटलं, तरी त्या माणसाला नवीन काही शिकवावं हे फार थोड्या ठिकाणी सुचलं. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये दाखवलं की कामाचा ताण जास्त आणि निर्णयाची मुभा कमी असेल तर माणूस आजारी पडतो. त्याच मांडणीत आणखी एक कोपरा आहे: अपेक्षाही नाही आणि मुभाही नाही. तिथे माणसाच्या अंगातली कौशल्यं हळूहळू गंजतात. आरामात बसवलेला लिपिक त्या कोपऱ्यात असतो. 'एनव्हीडीए' हा पडदावाचक फुकट मिळतो, हे साहेबांना कुणी सांगितलेलं नसतं.

वर्षातून एकदा, ३ डिसेंबरला, आंतरराष्ट्रीय दिव्यांग दिनी, याच लिपिकाला मंचावर बोलावून शाल-श्रीफळ देतात. संयुक्त राष्ट्रांनी हा दिवस १९९२ मध्ये जाहीर केला तो हक्कांची आठवण म्हणून, आपण त्याचं हळदीकुंकू करून टाकलं. ऑस्ट्रेलियन पत्रकार आणि विनोदकार स्टेला यंग या स्वतः चाकाची खुर्ची वापरत. दिव्यांग माणसाचं साधं जगणं इतरांना स्फूर्ती देण्यासाठी वापरणं ही वस्तूकरणाचीच एक तऱ्हा आहे, असं त्या तिखटपणे मांडत. जो माणूस रोज आठ वाजता निघून वेळेवर पोचतो, त्याला 'जिद्दीला सलाम' नको असतो. त्याला लिफ्ट चालू हवी असते. शिवाय सलाम घेतलेल्या माणसाला उद्या तक्रार करता येत नाही, हा त्यातला तोटा मोठा.

तक्रारीवरून कायद्याकडे येऊ. २०१६ च्या अधिनियमानुसार प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी कंपनीने त्यात सोयी, प्रशिक्षण, बदलीतलं प्राधान्य, विशेष रजा, सहायक साधनं आणि हे सगळं पाहणारा संपर्क अधिकारी यांचा तपशील देणं अपेक्षित आहे. माणसाला त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी बदल करून न देणं हा भेदभावच, असंही हा कायदा मानतो. खर्चाची भीती बहुतांशी निराधार आहे. अमेरिकेतली जॉब ॲकोमोडेशन नेटवर्क ही संस्था मालकांच्या पाहण्या करत आली आहे. त्यांत असं दिसतं की, करून दिलेल्या सोयींपैकी जवळपास निम्म्यांना एक पैसाही लागत नाही. वेळ बदलून देणं, टेबल हलवणं, सूचना तोंडी न देता लिहून देणं, असल्याच त्या सोयी.

मग अडतं कुठे? मागण्यात. सोय कायद्याने देय असली तरी ती दर वेळी मागावी लागते, अर्ज करावा लागतो, कारण द्यावं लागतं, "आता आणखी काय?" ऐकावं लागतं. २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि एका आठवड्यात अख्ख्या कंपन्या घरून काम करू लागल्या. त्याआधी वर्षानुवर्षं हीच सोय मागणाऱ्या दिव्यांगांना "आमच्या कामात ते शक्य नाही" असं सांगितलं गेलं होतं. शक्य होतं, हे त्या आठवड्याने दाखवलं. त्यात ज्यांचा प्रवास वाचला त्यांचं भलं झालं. ज्यांना ऑफिस हीच माणसांत असण्याची एकमेव जागा होती त्यांचे मात्र हाल झाले, त्यामुळे घरून काम हा सर्वांवर उतारा नव्हे. मागण्याची वेळ येऊच नये असं जिथे असतं, तिथलं वातावरण पाहायचं तर कोल्हापूरला जावं. नसीमा हुरजूक स्वतः चाकाच्या खुर्चीवरून केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी करत. त्यांनी १९८४ मध्ये सुरू केलेल्या 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' या संस्थेत उतार, ओट्याची उंची, दारांची रुंदी या गोष्टी त्या वापरणाऱ्यांनी ठरवल्या. तिथे कुणाला अर्ज लिहून उतार मागावा लागत नाही.

समुपदेशनाची गरज नाही असं मी म्हणत नाही. नोकरीत असताना अपघाताने पाय गेला, दृष्टी अधू झाली, तर त्या माणसाला शोक करायला वेळ आणि सोबत दोन्ही लागतं. पण बहुतेक कंपन्यांची मदतसेवा फोनवर चालते, म्हणजे कर्णबधिराला ती बंदच. दुभाष्या सोबत घ्यावा तर एका शहरात मोजकेच दुभाषे, आणि कर्णबधिरांच्या छोट्याशा जगात तो ओळखीचाच निघणार. नवऱ्याबद्दल, साहेबांबद्दल त्याच्या तोंडून कसं बोलायचं?

नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्यांना सगळ्यात मोठा धीर कायद्याच्या कलम २० मधून मिळतो. सरकारी आस्थापनेला अशा माणसाला कामावरून काढता येत नाही, खालच्या पदावर नेता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं द्यायचं, तेही नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेरच्या, पदावर ठेवायचं. ही तरतूद १९९५ च्या कायद्यातही होती. एका निमलष्करी दलातल्या, पाय कापावा लागलेल्या शिपायाला सेवेतून मोकळं केलं गेलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये तिचाच आधार घेऊन त्याला न्याय दिला. पगार वाचतो, पण अधिसंख्य पद म्हणजे व्यवहारात बहुधा आवक-जावकचं टेबल. कालपर्यंत ज्याच्या हाताखाली बारा माणसं होती त्याला तिथे बसवलं की मारिएनथालची गोष्ट पुन्हा सुरू होते.

म्हणून मला बढतीचा प्रश्न भरतीइतकाच महत्त्वाचा वाटतो. दिव्यांग कर्मचाऱ्याला त्याच्या चुका सहसा कुणी सांगत नाही, "जमतंय तेवढं करतो" म्हणून सोडून देतात, आणि मग वार्षिक अहवालात 'सर्वसाधारण' लिहिलेलं त्याला दिसतं. न रागावणाऱ्या साहेबाने त्याला वर जायच्या शर्यतीतून आधीच वगळलेलं असतं. केरळ पोलीस खात्यात अशीच एक टायपिस्ट होती. पोलिओमुळे आलेलं ५५ टक्के दिव्यांगत्व. पण नोकरी मिळाली ती १९९६ मध्ये, भाऊ सेवेत असताना वारल्यामुळे, अनुकंपा तत्त्वावर. पुढे तिने दिव्यांगांच्या आरक्षणातून बढती मागितली, तेव्हा राज्य सरकारचं म्हणणं पडलं की तुम्ही त्या कोट्यातून आलातच कुठे. २८ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. नोकरीत कुठल्या दाराने आली याचा बढतीच्या हक्काशी संबंध नाही, आणि नियमांत तशी तरतूद नसेल तर ती करणं हे सरकारचं काम आहे. तेव्हा तिच्या नोकरीला पंचवीस वर्षं होत आली होती.